बॉब ग्रॅहम फेरी

इंग्लंडच्या वायव्य भागातील सरोवर प्रदेशातील (लेक डिस्ट्रिक्ट) ४२ डोंगरमाथे चोवीस तासांच्या आत पायी पालथे घालून निघाल्या ठिकाणी परत येण्याचा डोंगरी धावनाचा एक प्रसिद्ध उपक्रम. केझिक या गावातील मूट हॉल या जुन्या सभागृहाच्या दारापासून फेरी सुरू होते व तेथेच संपते. एकूण अंतर सु. १०६ किमी. (६६ मैल) व एकूण चढ सु. ८,२०० मी. (२७,००० फुट) भरतो. केझिक येथील अतिथिगृहाचे चालक रॉबर्ट (बॉब) ग्रॅहम (१८८९–१९६६) यांनी १३-१४ जून १९३२ रोजी ही फेरी २३ तास ३९ मिनिटांत प्रथम पुरी केली. त्यांच्यावरूनच तिला हे नाव मिळाले. ही शर्यत नव्हे. तिला ठरलेला दिवस नाही, प्रतिस्पर्धी नाहीत, आखलेली वाट नाही व बक्षीसही नाही. कोणीही, कोणत्याही दिवशी, कोणत्याही प्रहरी निघावे व घड्याळाशी सामना द्यावा, एवढेच तिचे स्वरूप. तरीसुद्धा, किंवा कदाचित त्यामुळेच, डोंगरी धावनातील वेगविक्रमांच्या इतिहासात या फेरीला जे स्थान मिळाले, ते अनेक नामांकित शर्यतींना मिळालेले नाही.

भूमी व मार्ग : सरोवर प्रदेशातील डोंगरांना स्थानिक बोलीत ‘फेल’ म्हणतात. हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतून आला असून त्यावरूनच तेथील डोंगरी धावनास ‘फेल-धावन’ हे नाव पडले आहे. उंचीच्या हिशेबाने हे डोंगर मोठे नाहीत. इंग्लंडमधील सर्वोच्च शिखर स्कॉफेल पाइक अवघे ९७८ मी. उंच आहे, महाराष्ट्रातील कळसूबाईची उंची १,६४६ मी. आहे हे लक्षात घेतले, म्हणजे तुलना स्पष्ट होते. परंतु दऱ्यांचे तळ समुद्रसपाटीपासून फारसे उंच नसल्याने जवळजवळ प्रत्येक चढ पायथ्यापासून माथ्यापर्यंत पुरता चढावा लागतो. हिमानीच्या झिजेमुळे उतार ताशीव झाले आहेत. माथ्यांवर विस्कळित गोट्यांचे ढीग, कुशींत घसारा, खिंडींत दलदल व खालच्या उतारांवर कमरेएवढे नेचे असा पायाखालचा प्रकार दर अर्ध्या तासाला बदलतो. पाऊसही भरपूर. फेरीच्या मार्गाजवळील बॉरोडेल खोऱ्यातील सीथवेट या वस्तीवर वर्षाला सु. ३,५०० मिमी. पाऊस पडतो व ते इंग्लंडमधील सर्वांत अधिक पावसाचे वसतिस्थान समजले जाते. मात्र आपल्या सह्याद्रीतल्याप्रमाणे हा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होत नाही. तो वर्षभर पडतो आणि त्याच्याबरोबर धुके व वारा येतात.

मार्गाचे पाच टप्पे मानले जातात. मोटाररस्ता जेथे ओलांडावा लागतो तेथे टप्पा संपतो, कारण अन्न, कोरडे कपडे व ताजे सोबती तेथेच पोचू शकतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गेल्यास पहिल्या टप्प्यात स्कीडॉ (९३१ मी.), ग्रेट कॅल्व्हा व ब्लेनकॅथ्रा (८६८ मी.) हे तीन माथे घेऊन थ्रेलकेल्ड येथे उतरतात. दुसऱ्या टप्प्यात क्लॉ हेडपासून डॉड नावाच्या गोलसर डोंगरांवरून हेल्व्हेलिन (९५० मी.) व पुढे फेअरफील्ड आणि सीट सँडल असे बारा माथे होतात व डनमेल रेझ ही खिंड येते. यातील बराच भाग गवताळ आणि सलग धारेचा असल्याने धावण्यास सोईचा, व म्हणूनच धोक्याचा आहे. अननुभवी धावक येथे वेळ कमावण्याच्या मोहात पायांची शक्ती उधळून बसतो. तिसरा टप्पा सर्वांत लांब. त्यात पंधरा माथे असून बोफेलपासून स्कॉफेलपर्यंतचा भाग जवळजवळ अखंड खडकाळ आहे. तो वॉसडेल खोऱ्यात संपतो. चौथ्या टप्प्याच्या आरंभीच येबॅरोचा उभा चढ येतो व पिलर, कर्क फेल, ग्रेट गेबल (८९९ मी.) इ. नऊ माथ्यांनंतर होनिस्टर खिंड लागते. शेवटच्या टप्प्यात डेल हेड, हिंडस्कार्थ व रॉबिन्सन हे तीनच माथे उरतात. त्यानंतर काही किमी. डांबरी रस्ता व केझिक. फेरी उलट दिशेनेही करता येते व अनेकांनी तशी केली आहे.

तिसऱ्या टप्प्यातील एका जागेचा वेगळा उल्लेख करावयास हवा. स्कॉफेल पाइक व स्कॉफेल या दोन माथ्यांमध्ये मिकलडोर नावाची अरुंद खिंड असून तेथून सरळ स्कॉफेलवर जाणारी वाट ब्रॉड स्टँड या उभ्या कातळाच्या टप्प्यांनी अडविलेली आहे. कवी सॅम्युएल टेलर कोलरिज १८०२ साली याच कातळावरून एकटे खाली उतरले होते; गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याची हटकून नोंद होते. हा कातळ चढून गेल्यास वेळ वाचतो, पण तो ओला असताना हात सुटला तर प्राणावर बेतते. वळसा घालून जाण्याच्या वाटा सुरक्षित, पण त्यांत बराच उतार उतरून पुन्हा चढावा लागतो. यांमुळे पुष्कळ पथके येथे आधीच एक माणूस पाठवून दोर लावून ठेवतात. दोराचा आधार घेणे कितपत रास्त, हा प्रश्न अधूनमधून उपस्थित होतो. पण फेरीच्या परंपरेने तो मान्य केला आहे.

पूर्वेतिहास : डोंगरावर पळत जाऊन वेळ मोजण्याची हौस ब्रिटनमध्ये जुनी आहे. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वतावर फोर्ट विल्यम गावातून जाऊन परत येण्यास विल्यम स्वान यांना १८९५ साली २ तास ४१ मिनिटे लागली. वेळ मोजून केलेल्या पर्वतधावनाच्या जुन्या नोंदींपैकी ही एक होय. सरोवर प्रदेशातील परंपरा मात्र थोडी निराळी होती. तेथे एका शिखराचा वेग न पाहता चोवीस तासांत किती माथे गाठता येतात हे पाहण्याची चाल पडली. १९०५ साली केझिकचे डॉक्टर आर्थर वेकफील्ड यांनी घातलेली फेरी पुढे पुष्कळ वर्षे मानदंड ठरली. हेच वेकफील्ड १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचे सदस्य होते. मँचेस्टरचे अभियंते यूस्टेस टॉमस यांनी १९२० मध्ये वेकफील्ड यांना मागे टाकले. ग्रॅहम यांच्यासमोर हा इतिहास होता.

ग्रॅहम यांचा एक प्रयत्न आधी फसला होता. १९३२ च्या जूनमध्ये ते चार सोबत्यांच्या मदतीने रात्री एक वाजता निघाले. पायांत टेनिसचे कापडी बूट, अंगात अर्धी विजार व पायजम्यावरचा सदरा, आणि खाण्यास पाव-लोणी, अर्धवट उकडलेली अंडी, फळे व गोळ्या अशी त्यांची सामग्री होती. माथे ४२ घेण्याचे कारण त्यांचे वय ४२ होते, असे सांगितले जाते; त्यांच्या १८८९ या जन्मवर्षावरून पाहता त्या वेळी ते ४२ किंवा ४३ वर्षांचे असणार, तेव्हा ही आख्यायिका बेतानेच घ्यावी. त्यांनी घेतलेल्या माथ्यांची यादी व आजची रूढ यादी यांतही थोडा फरक आहे. ग्रॅहम हे व्यवसायाने धावपटू नव्हते. त्यांचे सामर्थ्य भूमीच्या माहितीत होते. बूट झिजू नयेत म्हणून ते सरावाच्या वेळी अनवाणी हिंडत, असेही सांगतात.

त्यानंतर तब्बल अठ्ठावीस वर्षे ही फेरी कोणालाही चोवीस तासांत पुरी करता आली नाही. लँकाशरमधील क्लेटन-ल-मूर्स या धावकसंघाचे ॲलन हीटन यांनी १९६० साली ती २२ तास १८ मिनिटांत पुरी केली. एकदा ते घडल्यावर मात्र कोंडी फुटली व त्याच वर्षी आणखी काहींनी यश मिळविले. १९७१ साली बॉब ग्रॅहम चोवीस तास मंडळ (क्लब) स्थापन झाले. फ्रेड रॉजर्सन हे त्याचे पहिले अध्यक्ष. जीन डॉझ या १९७७ मध्ये २३ तास ३७ मिनिटांत फेरी पुरी करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. मंडळाच्या सदस्यांची संख्या पुढे दोन हजारांवर गेली.

साक्ष व नियम : मंडळाचे सदस्यत्व पैसे भरून मिळत नाही, फेरी चोवीस तासांत पुरी करणे हीच एकमेव पात्रता होय. प्रत्येक माथ्यावर धावकाबरोबर एक साक्षीदार असला पाहिजे व माथ्यावर पोचल्याची वेळ लिहून ठेवली पाहिजे, असा दंडक आहे. त्यामुळे एकट्याने केलेली फेरी, ती कितीही खरी असली तरी, मंडळाच्या नोंदीत बसत नाही. हा नियम वरवर पाहता कडक वाटतो, परंतु त्यामागे दोन व्यावहारिक हेतू आहेत. एक, धुक्यात कोणी कोणत्या माथ्यावर गेले हे सांगणारा दुसरा माणूस हवा. दुसरा, रात्री दमलेल्या माणसाला डोंगरावर एकटे सोडू नये.

साक्षीदार नुसता पाहत नाही. तो वाट दाखवितो, पाणी व खाणे वाहतो, धावकाला खाण्याची आठवण करून देतो, प्रसंगी त्याच्याशी वादही घालतो. प्रत्येक टप्प्याला नवे सोबती येतात, त्यामुळे ते ताजे असतात व धावक मात्र तोच असतो. हे सोबती बहुधा आधी स्वतः फेरी केलेले किंवा पुढे करू इच्छिणारे असतात. आज ज्याला मदत झाली त्याने उद्या दुसऱ्यासाठी रात्र जागावी, अशी ही न लिहिलेली देवघेव आहे, आणि फेरीचा खरा टिकाऊपणा या देवघेवीत आहे असे म्हणावेसे वाटते. एका माणसाचा विक्रम म्हणून नोंदला जाणारा वेळ प्रत्यक्षात दहा-पंधरा माणसांच्या श्रमांचा असतो.

चोवीस तासांचे गणित : डोंगरात लागणाऱ्या वेळेचा अंदाज घेण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक नियम सांगितला. दर तीन मैलांना एक तास व त्यात दर दोन हजार फुट चढासाठी आणखी एक तास मिळवावा, असा तो नियम आहे. या फेरीस तो लावल्यास अंतरासाठी २२ तास व चढासाठी साडेतेरा तास, असे एकूण साडेपस्तीस तास होतात. यात विश्रांती धरलेली नाही. म्हणजे नुसते सदस्यत्व मिळविण्यासाठीदेखील सशक्त गिरिभ्रमणकाराच्या दोनतृतीयांश वेळेत फेरी उरकावी लागते. पुढे वर्णन केलेले पुरुषांचे वेगविक्रम हे या वेळेच्या सु. ३५ ते ४० टक्क्यांत बसतात.

सरासरी पाहिल्यास आकडे फसवे वाटतात. ग्रॅहम यांचा सरासरी वेग ताशी साडेचार किमी.हूनही किंचित कमी भरतो. तो सपाटीवरील चालण्याचा वेग आहे. परंतु दर ३४ मिनिटांस एक माथा, असा हिशेब मांडला की काम किती कठीण होते याची कल्पना येते. चोवीस तासांच्या वेळापत्रकात बहुतेक चढ चालूनच चढतात व सपाटी आणि उतार तेवढे धावतात. वेगविक्रम करू पाहणाऱ्यालाही सर्वांत उभे चढ हात मांड्यांवर टेकून चालतच चढावे लागतात, कारण अशा उतारांवर धावण्याने वेग फारसा वाढत नाही आणि श्रम मात्र वाढतात.

शारीरिक मर्यादा : सत्तर किग्रॅ. वजनाचे शरीर ८,२०० मी. उचलण्यासाठी भौतिकीच्या दृष्टीने सु. ५६ लक्ष जूल कार्य करावे लागते. स्नायूंची कार्यक्षमता सु. २५ टक्के धरल्यास केवळ चढासाठी सु. ५,४०० किलोकॅलरी खर्च होतात. अंतर कापण्यास, उतरण्यास व शरीर उबदार ठेवण्यास लागणारी ऊर्जा निराळी. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली ऊर्जा याच्या निम्मीही नसते. उरलेली चरबीतून व वाटेत खाल्लेल्या अन्नातून मिळवावी लागते. तासाला ६० ते ९० ग्रॅ. कर्बोदके पचविणे हे सवयीचे काम आहे. थकव्याने व हेलकाव्यांनी पोट बिघडले की खाणे बंद होते, खाणे बंद झाले की पाय बंद पडतात. फसलेल्या प्रयत्नांत पायांपेक्षा पोटाचा दोष पुष्कळ वेळा अधिक असतो.

चढ हृदय व फुप्फुसे यांची कसोटी पाहतो. उतार मात्र मांड्यांची नासधूस करतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात व शरीराचा भार रोखून धरतात. या प्रकारच्या कामात प्राणवायू थोडा लागतो, परंतु स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होतात. जितका चढ तितकाच उतार या फेरीत आहे. पहिल्या टप्प्यात ब्लेनकॅथ्रावरून बेफाम उतरणाऱ्या धावकास त्याचे मोल दहा-बारा तासांनी, येबॅरो उतरताना द्यावे लागते. अनुभवी फेल-धावक उतारावर पाहण्यासारखे असतात. ते पाय टेकण्याआधीच पुढची जागा हेरतात, पाऊल लहान ठेवतात, घसाऱ्यावर टाच रुतवून दगडांबरोबर खाली सरकतात. हे कसब रस्त्यावर धावून येत नाही, आणि दोन समान दमाच्या धावकांत विक्रम कोणाचा होईल हे बहुधा त्यावरच ठरते.

वाटेची निवड हाही वेगाचाच भाग आहे. नियम माथ्यांपुरता आहे, मधली वाट ज्याची त्याने शोधावी. मेंढ्यांची एखादी पुसट पायवाट दलदल टाळून नेते, एखाद्या घळीतून उतरल्यास मैलभराचा वळसा वाचतो. ही माहिती नकाशात नसते. त्यामुळे धावक महिनोगणती निरनिराळे टप्पे दिवसा व रात्री पायाखाली घालतात. दिवसही निवडावा लागतो : जूनच्या मध्यास या अक्षांशावर सु. १७ तास सूर्यप्रकाश मिळतो, म्हणून बहुतेक प्रयत्न त्या सुमारास, शक्यतो पौर्णिमेच्या जवळ होतात. माथ्यांवर तपमान दरीपेक्षा पाचसहा अंशांनी कमी असते. भिजलेल्या, दमलेल्या व उपाशी शरीरास वाऱ्यात गारठून जाण्यास जूनही पुरेसा थंड असतो. शरीराचे तपमान उतरू लागले, की प्रथम विवेक जातो. धावक आपण ठीक आहोत असे सांगत राहतो व चुकीच्या दरीत उतरतो. सोबत्याने अशा वेळी प्रयत्न थांबविण्याचे ठरविले, तर ते मान्य करावे असा शहाणा रिवाज आहे. संकटात सापडलेल्यांना सोडविणारी स्थानिक पथके स्वयंसेवकांची असतात, हेही धावकाने विसरता कामा नये.

वेगविक्रम : चोवीस तासांची अट पुरी होऊ लागल्यावर फेरीला दोन वाटा फुटल्या. काहींनी तेवढ्याच वेळात अधिक माथे घेण्याचा ध्यास घेतला. वॉसडेलचे मेंढपाळ जॉस नेलर (१९३६–२०२४) यांनी १९७५ साली चोवीस तासांच्या आत ७२ माथे गाठले. मार्क हार्टेल यांनी १९९७ मध्ये ७७ व किम कॉलिसन यांनी २०२० मध्ये ७८. इतरांनी माथे ४२ च ठेवून वेळ कमी करण्याचा मार्ग धरला.

या दुसऱ्या वाटेवरील सर्वांत मोठी उडी बॉरोडेलचे पाथरवट बिली ब्लँड यांची. १९८२ च्या जूनमध्ये त्यांनी फेरी १३ तास ५३ मिनिटांत पुरी केली. ग्रॅहम यांच्या वेळेपेक्षा हा वेळ पावणेदहा तासांनी कमी होता. ब्लँड याच डोंगरांत वाढले व याच डोंगरांतले दगड घडवीत. त्यांच्याजवळ उपग्रहाधारित घड्याळ नव्हते, शास्त्रीय आहारतज्ञ नव्हता. तरी तो वेळ छत्तीस वर्षे कोणास गाठता आला नाही. या काळात बूट हलके झाले, विजेऱ्या प्रखर झाल्या, शर्करायुक्त द्रव पदार्थ आले, रस्त्यावरील व मैदानावरील विक्रम वारंवार मोडले गेले. या फेरीचा मात्र हलला नाही. उत्तम धावकांनी तो प्रयत्नच फारसा केला नाही, हे त्याचे एक कारण. शर्यतींच्या मोसमात एका दिवसासाठी शरीर पणास लावणे व त्यानंतर कित्येक आठवडे पाय निकामी करून घेणे, हा सौदा पुष्कळांना परवडत नाही. दुसरे कारण ब्लँड यांचे भूमिज्ञान. ते सामग्रीने भरून निघणारे नव्हते.

८ जुलै २०१८ रोजी कॅटालोनियाचे पर्वतधावक किलियन जॉर्नेट यांनी १२ तास ५२ मिनिटे असा वेळ देऊन तो विक्रम मोडला. जॉर्नेट हे पिरेनीज पर्वतात वाढलेले व आल्प्समध्ये नावाजलेले. सरोवर प्रदेश त्यांच्या घरचा नव्हता. त्यांना वाट दाखविली ती तेथील फेल-धावकांनी, म्हणजे ज्यांच्या प्रदेशाचा विक्रम जाणार होता त्यांनीच. मूट हॉलच्या पायऱ्यांपाशी ब्लँड स्वतः उभे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकन धावक जॅक कुन्झल यांनी १२ तास २३ मिनिटांत फेरी पुरी करून आणखी २९ मिनिटे कमी केली. दर १८ मिनिटांस एक माथा, असा हा वेग आहे.

स्त्रियांच्या विक्रमांचा आलेख याहून उठावदार आहे. २०१५ साली निकी स्पिंक्स यांनी १८ तास ६ मिनिटे असा वेळ दिला होता. त्यांनीच पुढच्या वर्षी फेरी लागोपाठ दोनदा, एकूण ४५ तास ३० मिनिटांत पुरी केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये पशुवैद्य जॅस्मिन पॅरिस यांनी १५ तास २४ मिनिटे हा वेळ देऊन आधीच्या विक्रमातून एकदम पावणेतीन तासांच्या आसपास वेळ कमी केला. जुलै २०२० मध्ये बेथ पॅस्कल यांनी तो १४ तास ३४ मिनिटांवर आणला. त्या वर्षी कोव्हिडच्या साथीमुळे शर्यती रद्द झाल्या होत्या व अनेक धावक अशा स्वतंत्र प्रयत्नांकडे वळले होते, हेही येथे नोंदविले पाहिजे. पॅस्कल यांचा वेळ ब्लँड यांच्या वेळेपेक्षा अवघ्या ४१ मिनिटांनी अधिक आहे.

विक्रमाची व्याख्या : मैदानावरील विक्रमास प्रमाणित धावपट्टी, वाऱ्याची नोंद व पंच असतात. डोंगरावर यांपैकी काहीच नसते. एकाच्या वाट्यास कोरडा खडक येतो, दुसऱ्याच्या वाट्यास भिजलेला. वाटही प्रत्येकाची थोडी निराळी. म्हणून अमेरिकेत २००० च्या सुमारास ‘ज्ञात सर्वांत कमी वेळ’ अशी सावध संज्ञा रूढ झाली. याहून कमी वेळ कोणी नोंद न ठेवता दिला असेल, तर त्याची आपल्याला कल्पना नाही, हा प्रांजळपणा तीत आहे. तीबरोबर मदतीनुसार तीन वर्ग पडले : सोबती व रसद यांसह केलेला, वाटेत स्वतः आधी ठेवलेली किंवा विकत घेतलेली रसद वापरून केलेला, आणि आरंभी पाठीवर घेतलेल्या सामग्रीवर (वाटेतील झऱ्यांचे पाणी वगळता) पुरा केलेला. बॉब ग्रॅहम फेरीचे गाजलेले विक्रम पहिल्या वर्गात मोडतात.

हा फरक किरकोळ नाही. रस्ता ओलांडण्याच्या चार जागी धावकाने प्रत्येकी दहा मिनिटे घालविली, तर चाळीस मिनिटे होतात; जॉर्नेट व कुन्झल यांच्या वेळांतील अंतर त्याहून कमी आहे. तयार पथकामुळे धावक न थांबता चालताचालता खाऊ शकतो, त्याची पाठ मोकळी राहते, आणि धुक्यात डोके खुपसून नकाशा पाहावा लागत नाही. एकट्या धावकाचा वेळ यामुळे पुष्कळ अधिक भरतो. तो कमी योग्यतेचा मात्र म्हणता येत नाही. दोन्हींची तुलना करू नये, हेच उत्तम.

पुराव्याच्या बाबतीतही बदल झाला आहे. उपग्रहाधारित मागोवा-यंत्रामुळे धावकाची जागा क्षणोक्षणी कळते व घरबसल्या शेकडो लोक ती पाहू शकतात. यामुळे खोट्या दाव्यांना आळा बसला खरा. पण प्रसिद्धी वाढल्याने धावकांवर पाहणाऱ्यांचे दडपणही वाढले. खराब हवेतही निघण्याचा मोह त्यातून होतो. मंडळाने मात्र माथ्यावरच्या मानवी साक्षीदाराची जुनी अट सोडलेली नाही.

पर्यावरण : सरोवर प्रदेश १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असून २०१७ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. फेरीच्या लोकप्रियतेचा भार तेथील मातीवर पडतो. पूर्वी जेथे मेंढ्यांची वाट होती तेथे उघडी, पावसाने खणलेली चर दिसते. रस्त्यांच्या कडेला पहाटे उभ्या राहणाऱ्या मोटारी व गावातून जाणारा गलका यांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी असतात, व त्या रास्त आहेत. मोठे जथे टाळावेत, कुंपणाच्या रचीव दगडी भिंतींवरून उड्या मारू नयेत, अशी अपेक्षा धावकांकडून केली जाते. पायवाटांची दुरुस्ती दगड बसवून करतात. अशा फरसबंद वाटा धावकांना आवडत नाहीत व ते तिच्या शेजारून गवतातून धावतात, त्यामुळे नवी चर पडू लागते.

इतर फेऱ्या : या फेरीच्या धर्तीवर स्कॉटलंडमध्ये चार्ली रॅम्झी यांनी १९७८ साली लोखाबर प्रदेशातील २४ माथ्यांची फेरी २३ तास ५८ मिनिटांत, म्हणजे मुदतीस दोन मिनिटे उरली असता, पुरी केली. वेल्समध्ये पॅडी बकली यांच्या नावाची ४७ माथ्यांची फेरी आहे. ती प्रथम वेंडी डॉड्झ यांनी १९८२ मध्ये पुरी केली. तिन्ही फेऱ्या चोवीस तासांच्या आत करणारे धावक थोडे आहेत. ग्रॅहम यांच्या स्मरणार्थ केझिकजवळ ॲशनेस पुलावरून वॉटेंडलथकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दगडांचा एक लहान स्मारकढीग उभारला असून त्यावरील पाटीवर त्यांच्या १९३२ च्या फेरीची नोंद आहे.